लेकीच्या सायकलचं माप

मैत्रिणींनो, मुलीचा साधा पंजाबी ड्रेस शिवायला टाकायचा असला तरी आपण टेलरला किती बजावतो! खांदा उतरायला नको, बाही एवढीच हवी, वाढतं अंग आहे, शिलाईत थोडी माया ठेवा. पण त्याच मुलीला सायकल घ्यायला जातो तेव्हा काय बघतो? रंग, पुढची टोपली आणि किंमत. दुकानदार विचारतो, "कितवीत आहे?" आपण सांगतो, "आठवीत." झालं! सायकल घरी येते, तिला हळदकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी रस्त्याला लागते. सीट दुकानातून जशी आली तशीच राहते, कधी कधी थेट दहावीपर्यंत.

आमच्या शेवगावात सकाळच्या वेळी उभं राहून पाहा. पैठण रस्त्याने, गेवराई रस्त्याने, पाथर्डीकडून मुलींच्या सायकली गावात शिरत असतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा पास मोफत मिळतो, हे खरं. अहिल्याबाई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. पण आमच्याकडे कितीतरी कुटुंबं गावात नाही, शेतातल्या वस्तीवर राहतात. एस.टी. काही वस्तीवर येत नाही. मग सायकल हाच खरा आधार.

हा आधार केवढा मोठा आहे, ते बिहारने दाखवून दिलं. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक वाढलं, आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. शाळा ३ किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फायदा जास्त झाला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात.

पण सायकल मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. ती मुलीच्या अंगाला बसली पाहिजे. नाहीतर चार महिने मुलगी कशीबशी रेटते, मग सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि घरात बोलणं सुरू होतं, "लांब पडतंय, पोरीला झेपत नाही."

हे मी उगाच म्हणत नाही. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. नववीतली एक हुशार मुलगी तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायची. रोज आठ किलोमीटर येणं, आठ किलोमीटर जाणं. एक दिवस तिची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोरीचे गुडघे लई दुखत्यात. तिचे वडील म्हणतात, दहावी झाली की बास करू. एवढ्या लांब रोज जीव कोण काढील?"

मी म्हटलं, "ताई, आधी सायकल तर बघू." शाळेच्या मागे सायकल उभी होती. मुलगी वर बसली, तर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकलेले आणि पायडल मारताना गुडघे पार छातीकडे येताहेत. वर्षभरात ती चांगली चार बोटं उंच झाली होती. सीट मात्र आठवीत होती तिथेच! पोर अशक्त नव्हती, सायकल तिच्या मापाची राहिली नव्हती.

आता जरा हिशेब करू या, घरखर्चाचा करतो तसाच. २६ इंची सायकल, पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा पूर्ण फिरलं की अशी सायकल साधारण ५ मीटर पुढे जाते. म्हणजे आठ किलोमीटरला पायडलचे १,६०० फेरे. जाऊन येऊन ३,२००. प्रत्येक गुडघा दिवसाला ३,२०० वेळा वाकतो आणि जोर लावतो. ओटा दोन इंच उंच असला तर वीस पोळ्या लाटेपर्यंत आपले खांदे भरून येतात. मग इथे चुकीच्या मापाने ३,२०० वेळा गुडघा चेपला तर तो दुखणार नाही का?

मी काही मेकॅनिक नव्हे, साधी बी.ए. झालेली बाई. पण आमच्या गल्लीतल्या सायकल दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारत गेले, स्वतः पाना हातात घेऊन पाहिला. सगळं मिळून तासाभराचं काम आहे. तुम्हीही करू शकाल.

सगळ्यात आधी सीटची उंची. मुलीला भिंतीला हात टेकवून सायकलवर बसवा. रोजची चप्पल किंवा बूट पायात असू द्या. पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. टाच टेकून पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना पावलाचा पुढचा, चवड्याचा भाग पायडलवर येतो आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो. हेच हवं. सीट फार खाली असली की गुडघ्याची वाटी पुढून दुखते. फार वर असली की कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्यामागची शीर ओढते. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, त्याच्या वर दांडा काढायचा नाही. खूण दिसत नसेल तर निदान अडीच इंच दांडा आत राहिलाच पाहिजे.

इथे मुली हमखास कुरकुर करतात, "आई, पाय टेकत नाहीत, पडेन!" खरं आहे, दोन्ही तळवे आता टेकणार नाहीत, एका पायाची बोटं टेकली तर पुरे. थांबायचं तेव्हा ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली ठेवायचा. लेडीज सायकलला मधली आडवी नळी नसते, त्यामुळे हे सोपं जातं. एकदम दोन इंच चढवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा इंच वर घ्या, म्हणजे भीती वाटत नाही.

मग सीट पुढे-मागे. दोन्ही पायडलं आडव्या रेषेत आणा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली शिलाईच्या दोऱ्याला किल्ली बांधून धरा, गवंडी ओळंबा धरतो तशी. दोरा पायडलच्या मधल्या खिळ्यावर यायला हवा. सीट जमिनीला समांतर ठेवा. नाक वर उचललेलं असलं की नाजूक जागी रुततं, आणि मुली हे आईलाही सांगत नाहीत. आपणच विचारावं.

हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहावं, खांदे कानाला चिकटू नयेत. ब्रेकची दांडी बोटांत सहज येते का तेही बघा. पुष्कळ सायकलींना ती लहान हाताला लांब पडते. ब्रेकचे रबर झिजले असतील तर त्याच दिवशी बदला.

आता चाकं. सायकल स्टँडवर घ्या आणि चाक हाताने फिरवून सोडा. ते डुलत डुलत शांतपणे थांबलं पाहिजे. खरखर आवाज आला किंवा झटकन थांबलं, तर एक तर ब्रेक घासतोय, नाहीतर आतले छर्रे ग्रीसविना कोरडे पडलेत. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवल्यावर खडखडलं तर कोन सैल आहेत. हे काम दुकानदाराचं; पण "नुसतं ऑइलिंग नको, छर्रे काढून साफ करा, ग्रीस भरा आणि चाकाचा आऊट काढा" एवढं सांगता आलं पाहिजे.

हवेकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. किती हवा हवी ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. कमी हवेचं टायर रस्त्याला चिकटून चालतं, म्हणजे मुलगी दिवसभर ओल्या वाळूतून सायकल ओढल्यासारखी थकते. शिवाय खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फाटते. दर रविवारी केस धुण्याचा दिवस तसा हवा भरण्याचा दिवस ठरवा. शे-दोनशे रुपये इकडे-तिकडे झाले तरी हातपंप घरात असावा. आमच्याकडे बाभळीच्या काट्यांचा सुकाळ. रोज घरी आल्यावर टायरवरून नजर फिरवून काटा दिसला तर लगेच काढायची सवय मुलीला लावा.

चेन मधोमध बोटाने दाबली की साधारण अर्धा इंच हलावी. तेल मात्र शिलाई मशीनचं, एकेका कडीला एकेक थेंब. मग फडक्याने वरचं पुसून काढा. तेलाने चेन न्हाऊ घातली की आमच्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि खलबत्त्यासारखी चेन झिजवते.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचा वारा भरारा वाहतो. बोधेगाव, बालमटाकळीच्या बाजूने सकाळी शेवगावला येणाऱ्या मुलींच्या तो तोंडावर येतो. अशा मुलींसाठी मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० दात्यांचं बसवून घ्या. थोडे फेरे जास्त पडतील, पण पायडल दहावा हिस्सा हलकं होईल. सपाट मुलखात महागडी गिअरची सायकल घेण्यापेक्षा हे बरं.

दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला घट्ट बांधा. मागच्या चाकाला जाळी हवीच, ओढणी कमरेला गाठ मारून. आणि ऊसतोडीच्या दिवसांत, नोव्हेंबरपासून, रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावतात, संध्याकाळ लवकर होते. मागे लाल रिफ्लेक्टर आणि छोटा दिवा यांत काटकसर करू नका.

एवढं करूनही मुलगी दमत असेल तर तिचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलं तर कुठलीच सीट उपयोगाची नाही. गुडघा सुजला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सीट उंच केली की मुलगी पुढे वाकून बसते, चारचौघांत बरं दिसत नाही, आजी बोलतात. मैत्रिणींनो, ही कुरकुर फार जुनी आहे. अ‍ॅनी लंडनडेरी ही तीन मुलांची आई १८९४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जगप्रवासाला निघाली. अंगात लांब झगा आणि बुडाखाली १९ किलोची बायकांची सायकल. शिकागोला पोचेपर्यंत तिला कळून चुकलं, की हे आपल्याला जड होतंय. तिने तिथे जवळजवळ निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, झगा टाकून सुरवारीसारखा पोशाख केला, आणि काही सायकलवर, काही जहाजाने असा प्रवास १८९५ मध्ये पुरा केला.

आपल्याच देशात, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात, १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येतं! काय दिसतं यापेक्षा काय उपयोगी पडतं, हे त्यांनी पाहिलं. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकलवर फिरली. तिच्यापुढे आपल्या लेकीचे आठ किलोमीटर म्हणजे काय!

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्हाला वाटत असेल. आठ दिवसांत आम्ही सीट दोन इंच वर घेतली. तिच्या आईने स्वतः पाना फिरवला, आधी हात थरथरत होते, मग म्हणाली, "एवढंच होय!" गुडघे काही एका रात्रीत बरे झाले नाहीत, तीन-चार आठवडे लागले. पण तिसऱ्या तासाची झोप गेली. वडिलांनी कुणी न सांगता मागचं झिजलेलं टायर बदलून आणलं. मुलगी आता अकरावीत आहे, त्याच सायकलवर.

तेव्हा येत्या रविवारी डोक्याला तेल लावायला मुलीला बसवाल, त्याआधी दहा मिनिटं तिला अंगणात सायकलवर बसवा. टाच पायडलवर ठेवायला सांगा आणि पाय सरळ होतो का ते बघा. होत नसेल तर शेजारून पाना मागून आणा. आणि हे काम भावाला किंवा वडिलांना सांगून मोकळ्या होऊ नका. एकदा तुम्ही करा, पुढच्या खेपेला तिला करू द्या. अंग वाढतंय तोवर दर तीन महिन्यांनी माप घ्यावंच लागतं, ड्रेसचंही आणि सायकलचंही.