फ्रेमच्या कडेला उभी असलेली माणसं

"हे साहेबलोकांचं खेळणं तुला कशाला हवं?" चळवळीतल्या एका मित्राने विचारलं, तेव्हा माझ्या टेबलावर चार जुने सुपर-८ प्रोजेक्टर उघडे पडले होते. प्रश्न चुकीचा नाही. कोडॅकने १९६५ साली सुपर-८ बाजारात आणलं तेव्हा आपल्याकडे कॅमेरा कुणाच्या घरात असणार, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

भंगारातून प्रोजेक्टर घेतला की कधीकधी रिळंही सोबत येतात. मुंज, लग्न, महाबळेश्वर. पन्नास फुटांचं रीळ, सेकंदाला १८ चित्रं, म्हणजे जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. मी नवरानवरीकडे बघत नाही, कडेला बघतो. तिथे वाजंत्री असतात, अंगण झाडणारी बाई असते. कॅमेरा त्यांच्यावरून घाईने पुढे सरकतो.

पण पडद्यावर आपण फक्त कडेलाच होतो असंही नाही. बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. ७ डिसेंबर १९५६ चा तो जनसागर आज डोळ्यांनी दिसतो, त्यामागे एका माणसाची जिद्द आहे.

गेल्या वर्षी वस्तीतल्या एका निवृत्त कामगार काकांनी बिस्किटाच्या डब्यातून एक रीळ आणलं. "दीक्षाभूमीचं आहे. आई अजून आहे, तिला दाखव." डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. फिल्म सडू लागली की हाच वास येतो. ती आकसते, तिची भोकं प्रोजेक्टरच्या नखीशी जुळेनाशी होतात आणि टरकन फाटते. अडकून थांबली तर दिव्याच्या उष्णतेने वितळते. शिवाय माझ्या मशीनचा रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झाला होता. तो स्पिरिट आणि कापसाने खरवडून काढायला दोन रात्री गेल्या. नवा पट्टा बसवला, फिल्म जाते तो मार्ग ब्रशने साफ केला, आणि तरीही मी ते रीळ लावलं नाही.

काका रागावले. "आमचंच आम्हाला बघू देत नाहीस?"

हा आरोप झोंबला. ग्रंथालयांच्या दारात आपण हेच ऐकत आलो. पण एकदा फाटलं की आजीलाही नाही आणि नातवालाही नाही. शेवटी उजेडाच्या पेटीवर रीळ हाताने हळूहळू सरकवत, भिंगातून एकेक चित्र आजींना दाखवलं. सतराव्या की अठराव्या चित्रावर त्या थांबल्या. पांढऱ्या लुगड्यातल्या, मधोमध उभ्या बाईवर बोट ठेवलं.

रीळ आता डिजिटल करायला द्यायचं आहे. वर्गणी काढतोय. तुमच्या घरच्या माळ्यावर असा डबा असेल तर आधी नाकाशी धरून बघा, आणि कृपा करून घाईने मशीनला लावू नका.