जुन्या ओकचा जमाखर्च

ऑस्टिनमध्ये लोक मला अंगणातल्या जुन्या ओकला खत घालायला बोलावतात आणि बहुतेक घरांतून मी खताची पिशवी न उघडताच परत येते. आर्बोरिस्ट म्हणून हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि धंदा म्हणून ही रीत काही शहाणपणाची नाही. खत विकणं सोपं असतं. टाकी, पाइप, जमिनीत खुपसायची नळी, तासाभराचं काम आणि हातात बिल. ‘काही घालू नका’ या सल्ल्याचं बिल लावताना मात्र समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

प्रश्न सगळीकडे एकच असतो. ‘‘ताई, याला काय घालू?’’ मराठी घर असलं तर विचारणारे बरेचदा मुलाकडे सहा महिने राहायला आलेले काका असतात. पुण्याला किंवा नाशिकला त्यांनी गच्चीवर बाग फुलवलेली असते. शेणखत, निंबोळी पेंड, गांडूळखत, सगळं हाताखालून गेलेलं असतं. मुलाने घर घेतलं, त्याबरोबर पुढच्या अंगणात शंभरी ओलांडलेला लाइव्ह ओक आला. त्याला आजवर कोणी काहीच घातलेलं नाही, हे कळल्यावर त्यांचा जीव कासावीस होतो. मी म्हणते, ‘‘काका, घालायचं मग बघू. आधी सांगा, याच्याखालून तुम्ही उचलून काय काय नेता?’’

हा प्रश्न मी तासगावच्या द्राक्षबागेतून इथे आणला आहे. बागेतून टनांनी माल निघतो आणि मालाबरोबर नत्र, स्फुरद, पालाशही ट्रकमध्ये बसून जातात. गेलं ते भरून द्यायचं, हा खताचा मूळ हिशोब. ओकचा माल कोणी बाजारात नेत नाही. त्याची फळं खारी आणि ब्लू जे पक्षी पळवतात, मातीत पुरून ठेवतात आणि पुरलेलं विसरले की तिथे रोप येतं. मग अंगणातून बाहेर जातं काय? पाला. लाइव्ह ओक बारा महिने हिरवा दिसतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी पानं पिवळी पडून झडतात आणि पाठोपाठ नवी पालवी येते. इथे नव्याने आलेल्या माणसांचे फोन नेमके तेव्हा येतात: झाड मरतंय, लवकर या. काही आठवड्यांत तुरे लोंबू लागतात, गाड्यांवर परागांची पिवळी भुकटी बसते आणि फोन थांबतात. दरम्यान घरमालकाने सगळा पाला झाडून मोठाल्या कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलेला असतो. पालिकेची गाडी तो नेते आणि त्याचं कंपोस्ट होतं. एप्रिलमध्ये तोच मालक दुकानातून खताची पोती आणतो. झाडाच्या खात्यातून दर वर्षी पैसे काढायचे आणि मग त्याच्यासाठी कर्ज शोधत फिरायचं, असा हा व्यवहार.

पाला जागेवर राहू दिला तर खताचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेला निम्मा समजायला जुन्या झाडाचा जमाखर्च बघावा लागतो. झाडाचं अन्न पानांत तयार होतं. खत हा त्याचा कच्चा माल, अन्न नव्हे. तरुण झाडाचा पर्णभार दर वर्षी वाढतो, म्हणजे मिळकत वाढते. एका टप्प्यानंतर पानांचा पसारा जवळपास ठरून जातो, पण खोडावर आणि फांद्यांवर दर वर्षी लाकडाचा नवा थर चढवावाच लागतो आणि झाड जितकं मोठं तितका तो थर चढवायचा पृष्ठभाग मोठा. पेन्शनीत माणसाला दर वर्षी घराला एक खोली वाढवायला लावावी, तसं हे आहे. अशा झाडाला भरपूर नत्र दिलं की ते जोमाने नवी फूट काढतं. बघणाऱ्याला वाटतं, खत लागू पडलं. ती फूट उभी राहते साठवलेल्या साखरेवर आणि पिठावर. तोच साठा पांढऱ्या मुळीला लागतो, किडी-बुरशींना आवरणारी टॅनिनं तयार करायला लागतो आणि जखमेभोवती भिंत बांधायलाही लागतो. शिवाय कोवळी, रसरशीत फूट रस शोषणाऱ्या किडींना आवडते, ते वेगळंच.

साठा संपणं म्हणजे काय, ते या शहराने एकदा डोळ्यांदेखत पाहिलं आहे. ऑस्टिनच्या मध्यवस्तीत ट्रीटी ओक नावाचा सुमारे पाचशे वर्षांचा लाइव्ह ओक आहे. १९८९ मध्ये एका माणसाने त्याच्या मुळाशी वेल्पार नावाचं तणनाशक मुद्दाम ओतलं. त्यातलं हेक्झाझिनोन पानांची अन्न तयार करण्याची क्रियाच बंद पाडतं. झाडाने पानं टाकली, साठ्यातून नवी काढली. तीही जळली, तेव्हा पुन्हा काढली. प्रत्येक पालवी म्हणजे तिजोरीतून काढलेली रक्कम आणि जमेला शून्य. उद्योगपती रॉस पेरो यांनी खर्चासाठी कोरा चेक दिला. लोकांनी बुंध्याशी ‘लवकर बरा हो’ची कार्डं आणि चिकन सूप आणून ठेवलं. तज्ज्ञांनी मुळांभोवतीची माती बदलली, झाडावर सावली धरली, झऱ्याच्या पाण्याचे तुषार सोडले आणि मुळांच्या पट्ट्यात साखरही दिली. झाडाचा साधारण तिसरा हिस्सा वाचला. १९९७ मध्ये त्याला पुन्हा फळं धरली. त्या सगळ्या उपचारांचा रोख झाडाचा खर्च आवरण्यावर आणि मुळांखालची जमीन सुधारण्यावर होता. वाढ करून घेण्याच्या नादी कोणी लागलं नाही, हे मी काकांना आवर्जून सांगते.

अंगणात तणनाशक कोण ओतणार, असं वाटतं. पण हिरवळीसाठी मिळणाऱ्या ‘वीड अँड फीड’ पोत्यांत खताबरोबर तणनाशक मिसळलेलंच असतं. इथल्या सेंट ऑगस्टीन गवतासाठीच्या पोत्यात अ‍ॅट्राझिन असतं, काहींत डायकॅम्बा असतं. रुंद पानाचं तण मारणाऱ्या औषधाला ओक हेही रुंद पानाचंच झाड. त्याची मुळं आहेत नेमकी त्या हिरवळीखाली. पोतं मी उलटं करून बारीक छापलेला इशारा मालकाला मोठ्याने वाचायला लावते.

मुळांबद्दल आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: वर जेवढं झाड, खाली तेवढंच खोल मूळ. प्रत्यक्षात पाणी आणि अन्नद्रव्यं घेणारी बहुतेक मुळी वरच्या फूट-दीड फूट मातीत पसरते आणि फांद्यांच्या सावलीच्या पुष्कळ बाहेर जाते. मुळांचा जपायचा पट्टा ठरवताना ऑस्टिनचा नियम खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला एक फूट त्रिज्या धरतो. २४ इंची खोडाभोवती २४ फुटांचं वर्तुळ. एकोणीस इंचांपासून पुढचं झाड तोडायला परवानगी लागते आणि ठराविक जातींत चोवीस इंचांपासून पुढचं झाड वारसावृक्ष ठरतं. लाइव्ह ओक त्या जातींत येतो. व्यास मोजायचा तो जमिनीपासून साडेचार फुटांवर.

म्हणून बुंध्याशी आळं करून पाणी भरणं नारळ-आंब्याच्या रोपाला ठीक, जुन्या ओकला ते निरुपयोगी. उलट बुंध्याची साल ओली राहून कुजते. त्याहून वाईट म्हणजे पार. आपल्याकडे वडा-पिंपळाला पार बांधतात आणि वड खोडातून नवी मुळं सोडून तो निभावून नेतो. इथली मंडळी ओकभोवती दगडी वर्तुळ रचून त्यात माती भरतात आणि फुलझाडं लावतात. खोड जमिनीत शिरताना पसरत जातं, तो पसरट भाग उघडा दिसला पाहिजे. खोड खांबासारखं सरळ जमिनीत शिरताना दिसलं की मी आधी कुदळ मागत नाही, दाबाच्या हवेने माती उडवणारं यंत्र आणते. कुदळीने मुळं तुटतात, हवेने नुसती माती हलते. कधी फूटभर माती निघते आणि आत खोडालाच आवळून बसलेलं मूळ सापडतं.

जमिनीचंही ऐकावं लागतं. शहराच्या पूर्वेला ब्लॅकलँड प्रेअरीची काळी चिकण माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात बुटाला धरून बसते. आमच्या दख्खनच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पश्चिमेला चुनखडकावर जेमतेम काही इंच माती. सामू आठच्या आसपास. तिथे वॉटर ओकसारखी बाहेरची जात लावली की पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आमच्या उसावर आणि भुईमुगावर पडतो तोच केवडा. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळीला घेता येत नाही. मालक त्यावर नत्र ओततो. रंग तात्पुरता सुधारतो आणि दुखणं तसंच राहतं. माती परीक्षणासाठी नमुना मी टेक्सास ए अँड एमच्या प्रयोगशाळेत पाठवते. जुन्या हिरवळीच्या अहवालात बरेचदा स्फुरद गरजेपेक्षा जास्त निघतं. जादा स्फुरद लोह घेण्याच्या आड येतं आणि ओकच्या मुळीशी भागीदारी करणाऱ्या बुरशीलाही दडपतं. म्हणजे इतकी वर्षं सर्वसाधारण खत घालून केवडा वाढवत नेलेला असतो. वाहून गेलेलं खत चुनखडकाच्या भेगांतून एडवर्ड्स भूजलसाठ्यात उतरतं आणि त्याच पाण्यावर बार्टन स्प्रिंग्ज वाहतो, जिथे सगळं शहर उन्हाळ्यात पोहायला जातं.

मग मी देते तरी काय? वाफसा. मुळीला पाणी हवं तितकीच हवाही हवी. गाड्या लावून, बांधकामाचं सामान टाकून दाबलेल्या जमिनीत खत पडून राहतं. तिथे माती भुसभुशीत करायची, अर्धा-एक इंच कुजलेलं कंपोस्ट पसरायचं आणि त्यावर दोन ते चार इंच लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालायचं, तेही खोडापासून हातभर लांब. शक्य तिथे गवत काढून हे वर्तुळ सावलीच्या कडेपर्यंत न्यायचं. दुष्काळात महिन्यातून एक-दोनदा, खोडाजवळ नाही तर फांद्यांच्या टोकांखाली, हळू पाणी सोडायचं; आठ-दहा इंच ओल जाईपर्यंत. २०११ च्या दुष्काळात टेक्सासच्या ग्रामीण भागात ३० कोटींहून अधिक झाडं गेली, असा राज्याच्या वनसेवेचा अंदाज आहे. ती उपाशी नव्हती, तहानलेली होती. खत मी देते ते नव्या वसाहतींत, जिथे बिल्डरने वरची माती खरवडून नेली आहे आणि परीक्षणात कमतरता दिसते. तेही हळू विरघळणारं आणि उणं असेल तेवढंच.

पोस्ट ओक असेल तर मी हातही आखडता घेते. त्याला मुळांजवळ कुणी फिरकलेलं खपत नाही. स्विमिंग पूल बांधून झाल्यावर तीन-चार वर्षांनी तो वाळतो आणि तोवर मालक पूल विसरून खताच्या शोधात असतो.

छाटणीत मात्र माझा द्राक्षबागेतला हात कामाला येतो. फांदी कापताना तिच्या बुडाजवळची फुगीर कडा राखायची, खोडाला सपाट लागून कापायचं नाही. अमेरिकी वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंती घालून कूज कोंडून ठेवतं. त्यांची ती मांडणी १९७७ मध्ये पुस्तिकेच्या रूपात आली. त्यानंतर जखमेला रंग लावणं मागे पडलं. मध्य टेक्सासमध्ये ओकला मात्र तो लावावाच लागतो, कारण इथे ओक विल्ट हा बुरशीचा रोग आहे. ही बुरशी ताज्या जखमेवर येणाऱ्या रसपिपासू भुंगेऱ्यांबरोबर येते, लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि बुरशी लाइव्ह ओकच्या एकमेकांत जुळलेल्या मुळांतून वर्षाला साधारण ७५ फूट पुढे सरकते. म्हणून १ फेब्रुवारी ते ३० जून छाटणी बंद आणि इतर वेळी कापल्याबरोबर रंग. २०२३ मध्ये फेब्रुवारीच्या तोंडावरच बर्फाच्या ओझ्याने शहरभर ओकच्या फांद्या मोडल्या, तेव्हा तुटक्या फांद्या काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा घेऊन सगळे फिरत होते. विल्ट झालेल्या झाडालाही लोक खत घालतात. बंद नळ्यांतून ते वर कुठून जाणार?

जुळलेल्या मुळांना कुंपण कळत नाही आणि घराचे मालक तर बदलत राहतात. प्रत्येक नवा मालक ‘काय घालू?’ इथूनच सुरुवात करतो. म्हणून काम संपलं की मी एक कागद भरून देते आणि घराच्या खरेदीच्या कागदांत ठेवायला सांगते: खोडाचा व्यास, माती परीक्षणाची तारीख आणि निष्कर्ष, छाटणी कधी झाली, पाइपलाइनसाठी चर कोणत्या बाजूला आणि कोणत्या साली खणला, शेजारचे कोणते ओक याच गटातले आहेत. ‘दिलेली खतं’ हा रकाना मी रिकामा सोडत नाही. रिकामा रकाना पुढच्या माणसाला हेळसांडीसारखा दिसतो आणि तो पोतं घेऊन येतो. तिथे मी लिहिते: परीक्षणानुसार गरज नाही; पाला अंगणातच ठेवला आहे, कृपया उचलू नये.