पंचाहत्तर खांबांची वाट

मुलांनो, नकाशासंग्रह उघडा पाहू जरा. आशियाच्या उजव्या कडेला जपान सापडलं? आता त्यातलं सर्वांत मोठं बेट, होन्शू, त्यावर ओसाका शहर शोधा. तिथून बोट खाली सरकवलंत की समुद्रात घुसलेला जमिनीचा एक जाडजूड तुकडा दिसेल. तो की द्वीपकल्प. जपान म्हटलं की आपल्याला आठवते ती वाऱ्याशी शर्यत लावणारी बुलेट ट्रेन. पण मी तुम्हांला आज सांगणार आहे ती या की द्वीपकल्पातल्या डोंगरांमधली, हजार वर्षांची जुनी पायवाट. तिचं नाव कुमानो कोदो. म्हणजे कुमानोच्या जुन्या वाटा.

कुमानोमध्ये तीन मोठी देवस्थानं आहेत : होंगू, हायातामा आणि नाची. पूर्वी क्योतो या राजधानीतून निवृत्त सम्राट पायी तिथं जायचे. जाऊन-येऊन महिना लागायचा. गो-शिराकावा नावाचे सम्राट तर तिसाहून अधिक वेळा गेले होते! पुढं सामान्य लोकही निघाले. गरीब-श्रीमंत, बायका-पुरुष, आजारी-धडधाकट, कुणालाही कुमानोत मज्जाव नव्हता. इतके लोक, की 'कुमानोची मुंग्यांची रांग' असा वाक्प्रचारच जपानी भाषेत रुळला. आठवली ना आपली आषाढीची वारी? २००४ साली युनेस्कोनं या वाटांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता माझ्यासारखी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, चौथीच्या वर्गाची बाई तिथं पोहोचली कशी? तर माझा दादा नोकरीनिमित्त ओसाकाला राहतो. त्याचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, अकरा वर्षांचे. करोनामुळे जपाननं पर्यटकांना दारं बंद केली होती, ती २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ण उघडली. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले, तेव्हा भाच्याला चार वर्षांनी भेटणार होते.

निघताना आई म्हणाली, "लाडू-चिवडा ने, पण एक काम कर. पोराला माझ्याशी बोलतं करून ये." कारण असं, की भाचेबुवांचं मराठी हळूहळू आटत चाललं होतं. शाळा जपानी, मित्र जपानी, स्वप्नंसुद्धा जपानीत! आजीचा फोन आला की 'हो', 'नाही', 'बरा आहे' एवढे तीन शब्द, की फोन बाबाच्या हातात. आजी फोन ठेवायची आणि बराच वेळ तशीच बसून राहायची. ते मी पाहिलं होतं.

तर दादा, वहिनी, भाचा आणि मी असे चौघं निघालो. ओसाकाहून रेल्वेनं तानाबेपर्यंत आणि पुढं बसनं ताकीजिरीला. इथून होंगूपर्यंत साधारण अडतीस किलोमीटर चालायचं. वाटेवर दर पाचशे मीटरला क्रमांक घातलेला एक खांब. ताकीजिरीला एक नंबर आणि होंगूला पंचाहत्तर. मला लगेच आमच्या वर्गातला खेळ सुचला. मी भाच्याला म्हटलं, "प्रत्येक खांबाशी तू मला एक जपानी शब्द द्यायचास, मी तुला एक मराठी." त्यानं मान डोलावली. बोलला मात्र काही नाही.

सुरुवातच अशी खडी, की विचारू नका! झाडांच्या मुळांच्या पायऱ्या, त्यावर ओलं शेवाळ. थोडं वर गेलं की दोन शिळांमधली एक अरुंद गुहा लागते. तिच्यातून सरपटत पलीकडे निघायचं, म्हणजे नवा जन्म झाला असं मानतात. भाचा सुळ्ळकन गेला. मी अडकत अडकत, पाठीची पिशवी आधी पुढं ढकलून, कशीबशी बाहेर आले. तेव्हा तो पहिल्यांदा खदखदून हसला.

जवळच एक खडक आहे. त्याची दंतकथा अशी, की हिदेहिरा नावाचा सरदार पत्नीसह कुमानोला चालला असता वाटेतच बाळ जन्मलं. बाळाला गुहेत ठेवून ते देवदर्शनाला गेले. तेव्हा खडकातून दूध ठिबकलं आणि एका लांडग्यानं बाळाला राखलं. ही गोष्ट भाच्याला शाळेत ऐकून माहीत होती. तो मराठीत सांगू लागला, पण 'लांडगा' अडला. "मोठा... मोठा भूभू!" म्हणाला. मी शब्द दिला आणि आमच्या खेळाची भवानी झाली.

सगळं जंगल उंच, सरळसोट झाडांचं. दुपारीसुद्धा सांजवल्यासारखा उजेड. या झाडांना जपानीत म्हणतात 'सुगी'. मी सांगितलं, "आमच्याकडे सुगी म्हणजे पिकं काढायचे दिवस." पानांतून गळून जमिनीवर नाचणाऱ्या उन्हाला 'कोमोरेबी' म्हणतात. भाचा ऐटीत म्हणाला, "हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत नाही, असं आमच्या बाई सांगतात." मी म्हटलं, "त्यांना सांग, आमच्या आजीच्या कौलारू घरात रोज पडतो तो. त्याला कवडसा म्हणतात." तो थांबला. दोनदा हळूच म्हणून पाहिला, "कवडसा, कवडसा."

पहिला मुक्काम ताकाहारा या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात. घरगुती मुक्कामाच्या जागेला 'मिन्शुकू' म्हणतात. दारात बूट काढून नीट तोंड फिरवून ठेवायचे, म्हणजे निघताना सरळ पाय घालता येतो. गवताच्या चटयांची जमीन, त्यावर अंथरूण. आम्ही मासे खात नाही हे वहिनीनं आधीच कळवलं होतं. मालकीणबाईंनी भात, भाज्या, टोफू आणि 'उमेबोशी' वाढली. हे फळ खारवून मुरवतात. एक तोंडात टाकली आणि डोळेच मिटले! आपल्या लिंबाच्या जुन्या लोणच्याची सख्खी बहीण.

रात्री मी सहज विचारलं, "तुमची मुळाक्षरं म्हणून दाखव ना." तो म्हणू लागला, "आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को..." पुढच्या ओळींची सुरुवात कशी? का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी ताडकन उठून बसले. अहो, ही तर आपली बाराखडी! आधी स्वर, मग क, त, न, म, य, र, व. आणि हा योगायोग नाही बरं का. शेकडो वर्षांपूर्वी जपानचे बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र वाचण्यासाठी भारतातली सिद्धम् लिपी शिकत. त्या वर्णमालेवरूनच जपानी अक्षरांचा हा क्रम लागला. मी भाच्याच्या वहीत त्याच्या 'का'शेजारी आपला 'का' काढला. तो बराच वेळ दोन्ही अक्षरांकडे बघत होता. मग म्हणाला, "आत्या, पुढचं पण लिही."

दुसऱ्या दिवशी चिकात्सुयु गाव ओलांडून पुढच्या नोनाका वस्तीपर्यंत गेलो. वाटेत छोटी छोटी देवळं लागतात, त्यांना 'ओजी' म्हणतात. तिथं पक्ष्याच्या घरट्यासारखी लाकडी पेटी असते आणि आत रबरी शिक्का. आपल्या वहीत तो आपणच उमटवून घ्यायचा. पाहायला कुणी नसतं, पण शिक्का पळवायचाही विचार कुणी करत नाही.

नोनाकाला प्रचंड जुने सुगी वृक्ष आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं लहान देवळं बंद करून मोठ्यांत विलीन करायला घेतली आणि त्यांच्या देवराया तोडल्या जाऊ लागल्या. तेव्हा तानाबेत राहणारे शास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू भांडायला उभे राहिले. त्यांच्या धडपडीमुळे ही झाडं वाचली. हे गृहस्थ झाडांवरच्या बुळबुळीत बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करत. १९२९ मध्ये सम्राटांना नमुने भेट द्यायचे होते, तर ते त्यांनी चक्क कॅरॅमलच्या गोळ्यांच्या खोक्यांत घालून नेले!

तिसरा दिवस कसोटीचा. होंगूपर्यंत एकवीस किलोमीटर. नोव्हेंबरात तिथं पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच काळोख पडतो. म्हणून पहाटे उजाडताच निघालो. तासाभरात पाऊस आला. भाचा म्हणाला, "झाऽ झाऽ पाऊस." मी म्हटलं, "धो धो!" मग कळलं, दोन्ही भाषांना शब्दांची जोडी लावायची भारी हौस. छाती धडधडते, तिकडे 'दोकी दोकी'. भूक लागली की 'पेको पेको'. मी म्हटलं, "आमच्या पोटात कावळे ओरडतात." यावर तो गंभीरपणे म्हणाला, "तीन पायांचे?" कारण कुमानोच्या देवाचा दूत आहे तीन पायांचा कावळा, यातागारासू. वाट चुकलेल्या सम्राटाला त्यानं मार्ग दाखवला अशी कथा आहे. जपानच्या फुटबॉल संघाच्या छातीवर तोच कावळा असतो.

दुपारी सव्वादोनला होश्शिनमोन-ओजीला पोहोचलो. अजून सात किलोमीटर बाकी. बूट चिंब, भाच्याच्या टाचेला फोड आलेला. इथून होंगूला बस जाते. दादा म्हणाला, "पुरे आता. बसनं जाऊ." वहिनीनंही त्याचा पाय पाहिला आणि मान हलवली. मला तर बसच बरी वाटत होती. गुडघे माझेही बोलत होते! पण भाचा उठला आणि म्हणाला, "बाबा, अजून चौदा शब्द उरलेत."

हे वाक्य त्यानं मराठीत म्हटलं होतं. कुणीही न विचारता. दादानं माझ्याकडे पाहिलं, खाली बसला आणि लेकाच्या टाचेवर नवी पट्टी लावू लागला. ठरलं असं, की सारखं घड्याळ बघायचं, विजेऱ्या वरच काढून ठेवायच्या आणि वस्ती लागेल तिथं पायाचा पुन्हा विचार करायचा.

सुदैवानं पाऊस थांबला. चहाच्या मळ्यांतून, वस्त्यांमधून वाट जात होती. फुशिओगामी नावाची जागा लागली. जुन्या यात्रेकरूंना होंगूचं देऊळ पहिल्यांदा इथून दिसायचं आणि ते जमिनीवर लोटांगण घालायचे. मी भाच्याला सांगितलं, की आपल्या वारीतही वेळापूरजवळ तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून वारकरी अजून तिथं धावतात. "मग आपण?" असं म्हणून तो लंगडत लंगडतच धावला! पावणेपाचला, विजेऱ्या लावायच्या बेतात असताना, पंचाहत्तरावा खांब आला. शेवटचा शब्द त्यानं दिला, 'त्सुकारेता'. म्हणजे थकलो. मी दिला, 'पोहोचलो'.

पुढचे दिवस आरामाचे. होंगूचं मूळ देऊळ नदीच्या वाळवंटात होतं. १८८९ च्या महापुरानं त्याचा मोठा भाग वाहून गेला, म्हणून उरलेलं देऊळ टेकडीवर हलवलं. जुन्या जागी आता जपानमधलं सर्वांत मोठं तोरी, म्हणजे देवस्थानाचं प्रवेशद्वार, उभं आहे. जवळजवळ चौतीस मीटर उंच, २००० साली बांधलेलं. २०११ च्या चक्रीवादळातही या खोऱ्यानं मोठा पूर सोसला. तिथली माणसं नदीला नमस्कारही करतात आणि तिच्याशी जपूनही वागतात.

युनोमिने गावात ओढ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. एका झऱ्याचं पाणी इतकं कढत, की जाळीच्या पिशवीत अंडी आणि रताळी सोडली की काही वेळात उकडून निघतात. दुसऱ्या झऱ्यावर एवढीशी लाकडी खोली बांधली आहे. तिच्यात अर्धा तास अंघोळ करायची. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. माझे गुडघे त्या अर्ध्या तासात गप्प झाले!

मग सपाट तळाच्या लाकडी होडीतून कुमानो नदीनं सोळा किलोमीटर, शिंगूला. जुने यात्रेकरूही या टप्प्याला होडीनंच जात. तिथल्या कामिकुरा देवळाच्या पाचशे अडतीस पायऱ्या म्हणजे रायगडाच्या कड्याला दगड चिकटवल्यासारख्या. भाचा वर जाऊन मलाच हात द्यायला थांबला.

शेवटी नाची. एकशे तेहतीस मीटर उंचीवरून एकच पांढरी धार कोसळते. शेजारच्या सेइगांतो-जी मंदिराची आख्यायिका सांगते, की ते एका भारतीय साधूनं स्थापन केलं. तो समुद्रातून वाहत या किनाऱ्याला लागला होता म्हणे. खरं-खोटं धबधब्यालाच ठाऊक!

तिथून भाच्यानं स्वतःच आजीला फोन लावला. आपल्याकडे सकाळचे साडेसात, आजी देवपूजेत. "आजी, हे बघ. धो धो पाणी. माझा पाय दुखते. पण मी चालला, सगळा चालला. तुझ्या घरात अजून कवडसा येते का?" व्याकरणाच्या चुका मोजल्या तर पाटी भरेल. पण बाई असूनही मी एकही दुरुस्त केली नाही. आजी काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "येतो रे राजा. आत्ताच देवांवर पडलाय. थांब, दाखवते तुला."

मुलांनो, येत्या रविवारी आजी-आजोबांना घेऊन जवळच्या एखाद्या वाटेनं चाला. शेताचा बांध चालेल, टेकडी चालेल. विजेचा एकेक खांब आला की त्यांच्याकडून एक शब्द मागा, जो तुम्हांला ठाऊक नाही असा. तुम्हीही त्यांना एक नवा द्या. आणि सापडलेला सर्वांत छान शब्द मला पत्रानं जरूर कळवा. माझ्या वहीत पंचाहत्तर झालेत, पण पानं अजून पुष्कळ शिल्लक आहेत.