पाण्यात गेलेल्यांची नावं

जर्मनीतल्या कीलच्या खाडीच्या पूर्व काठावर म्योल्टेनॉर्ट नावाचं छोटं बंदर आहे. तिथे एका उंच स्तंभावर पंख पसरलेला गरुड बसवला आहे. लांबून वाटतं, हे कुठल्यातरी विजयाचं स्मारक असावं. जवळ गेल्यावर पायथ्याची वळणदार भिंत दिसते आणि गरुडाचा विसर पडतो. भिंतीवर ब्राँझच्या पाट्या आहेत. पाणबुडीचा क्रमांक आणि त्याखाली तिच्याबरोबर गेलेल्यांची नावं, असं पाटीमागून पाटी चालत राहतं. दोन महायुद्धांत पाण्याखाली मेलेल्या सुमारे ३५,००० जर्मन खलाशांची ही भिंत आहे. त्यांतले सुमारे ३०,००० दुसऱ्या महायुद्धातले. त्या युद्धात पाणबुड्यांवर गेलेल्या दर चारांतले जवळपास तिघे परतले नाहीत.

ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. दुःखाला समोर काहीतरी लागतं. नुसत्या ‘बेपत्ता’ या तारेवर कोणाचं रडणं पुरं होत नाही. ही भिंत मला तशीच वाटली. या घरांना कबर मिळाली नाही. बोट जाऊ शकते, पोरगा जाऊ शकतो, पण नाव तरी हाताने चाचपता यावं, एवढीच तिची तजवीज.

ही माणसं कशी राहत होती, हे तिथून जवळच लाबो गावाच्या किनाऱ्यावर कळतं. ‘यू-९९५’ ही पाणबुडी तिथे १९७२पासून लोकांसाठी खुली आहे. एका टोकाने शिरायचं, वाकत-चेंगरत दुसऱ्या टोकाने बाहेर यायचं. अशा ६७ मीटर लांबीच्या नळीत पन्नासेक जण कित्येक आठवडे काढत. एक उठला की त्याच्याच गरम अंथरुणावर दुसरा पडे. पुढच्या भागात टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायचं, तिथेच जेवायचं. बहुतेकांची वयं विशीतली. वरून स्फोटकं पडू लागली की बोलायचंही नाही, हलायचंही नाही. त्या अरुंद वाटेत उभं राहिलं की शत्रू, मित्र हे शब्द काही क्षण दूर जातात आणि फक्त भीती उरते.

पण ते शब्द फार काळ दूर जाऊ द्यायचे नसतात. या पाणबुड्या हिटलरच्या सत्तेसाठी लढत होत्या आणि त्यांचे टॉर्पेडो माणसांवरच जात होते. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘यू-४८’ने अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडवलं. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाकडे पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं त्यावर होती. त्यांतली ७७ गेली. जहाजावरचे बहुसंख्य खलाशी भारतीय होते. थंड पाण्यात, उघड्या बोटींमध्ये तेही मोठ्या संख्येने मेले. मुलांच्या मृत्यूने इंग्लंड हळहळलं. या खलाशांची आठवण क्वचितच निघते.

आपला आणि या भिंतीचा आणखी एक धागा आहे. फेब्रुवारी १९४३मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस याच कीलहून ‘यू-१८०’ने निघाले. वाटेत त्या पाणबुडीने एक ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं आणि त्यावरचे बहुतेक लोक मेले. एप्रिलअखेर मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन रबरी होडीतून जपानच्या ‘आय-२९’वर गेले. इथवरची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पुढची कोणी सांगत नाही. जुलै १९४४मध्ये अमेरिकी पाणबुडीने ‘आय-२९’ बुडवली. पुढच्याच महिन्यात ‘यू-१८०’ बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसह नाहीशी झाली. आपल्या इतिहासातला तो थरारक प्रवास ज्या दोन बोटींनी घडवला, त्या दीड वर्षाच्या आत समुद्राच्या तळाशी होत्या.

म्हणून या भिंतीपुढे मला सरळ हात जोडता येत नाहीत आणि पाठही फिरवता येत नाही. शोक करणं म्हणजे माफ करणं नव्हे. विशीतल्या पोराच्या मरणाचं दुःख करताना तो कोणासाठी लढत होता हे झाकायची गरज नाही. मात्र हा शोक खरा ठरायचा असेल, तर त्या टॉर्पेडोंनी मेलेल्यांची नावंही तितक्याच सहज वाचता यायला हवीत.

ती नावं आहेत, आणि आपल्याच मुंबईत आहेत. मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या अविभाजित भारताच्या नौसैनिकांची आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नोंद ठेवली आहे. एकट्या व्यापारी खलाशांची संख्या सहा हजारांच्या घरात जाते. डेकवरचे सारंग-टंडेल अनेकदा रत्नागिरीकडचे, खानपान सांभाळणारे गोव्याचे, इंजिनखोलीतले आगवाले पंजाब-सिल्हेटचे. पाण्याच्या पातळीखाली भट्टीपुढे राबणाऱ्या आगवाल्याला टॉर्पेडो लागल्यावर वर यायला वेळच मिळत नसे. युद्ध त्याचं नव्हतं, राज्य त्याचं नव्हतं. तो घरी पैसे पाठवायला गेला होता.

पहिल्या महायुद्धातल्या बंगाल-आसामच्या खलाशांचं स्मारक कोलकात्यात हुगळीच्या काठावर उघड्यावर उभं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरही, बोटी येतात-जातात अशा जागी, दुसऱ्या महायुद्धातल्या या खलाशांची एक भिंत व्हावी असं मला मनापासून वाटतं. गरुड नको, तोफ नको. जहाजाचं नाव, त्याखाली माणसांची नावं आणि त्यांची गावं पुरेत. जयगडच्या किंवा दाभोळच्या शाळकरी मुलीला तिथे आपल्या पणजोबांचं नाव बोट ठेवून वाचता आलं, की त्या महायुद्धाच्या इतिहासात तिच्या घरालाही जागा मिळेल. ही जागा आपण ऐंशी वर्षं रिकामी ठेवली आहे. ती भरणं आपल्याच हातात आहे.