उचल

पाथर्डीकडच्या माणसाला ब्लूज म्हणजे काय ते सांगायला फार वेळ लागत नाही. त्याला 'उचल' हा शब्द माहीत असतो.

पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी थोडं खुलासेवार. आमचा तालुका दुष्काळी. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. निघायच्या आधी मुकादमाकडून पैसे घेतलेले असतात, ती उचल. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नाहीच फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवर काळ्या कुळांचा हिशेबही साधारण असाच चालायचा. वर्षभर मालकाकडून उधारीवर माल, कापूस निघाला की वळतं, आणि तरी बाकी कुळाच्याच नावावर. ब्लूज अशाच शेतांवर वाढला. मडी वॉटर्सदेखील १९४३ मध्ये तिथलं शेतकाम सोडूनच शिकागोला गेला.

हे सगळं डोक्यात आलं ते लॉर्ना कोर्देरोमुळे. १९४६ चा जन्म, गोवेकर कुटुंब, गाणं मुंबईत. साठच्या दशकात चर्चगेटच्या हॉटेलांमधून रोज रात्री जॅझ वाजायचा, आणि वाजवणारे बहुतेक गोवेकर. त्यातलाच एक क्रिस पेरी. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, गाणी स्वतः रचायचा. त्याच्या बँडबरोबर लॉर्ना अॅस्टोरिया हॉटेलच्या 'व्हेनिस'मध्ये गायची. आवाज कसा, तर खणखणीत, थोडा खरखरीत, आणि माइकला न घाबरणारा! 'बेबदो', 'पिसो', 'लिस्बोआ' ही कोकणी गाणी या जोडीचीच. जॅझचे ब्रास आणि गोव्याची बोली एकत्र इतकी सहज नांदतात की ऐकताना काही वेगळं चाललंय असं वाटतच नाही.

आणि मग ती गप्प झाली.

आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, असा करार पेरीने तिच्याकडून करून घेतला होता, असं तिच्याबद्दल नेहमी लिहिलं जातं. दोघं वेगळे झाले, करार राहिला. म्हणजे ज्याने गाणी दिली त्याच्याच कागदाने गाणं थांबवलं.

आपल्यापैकी अनेकांनी पहिल्या नोकरीत बॉन्डवर सही केलीय. पण आपण पैसे भरून सुटू शकतो, आणि दोन वर्षांनी कोड लिहिणारे हात तेच असतात. गळ्याचं तसं नाही. विशी-तिशीतला आवाज नंतर वापरू म्हणून ठेवून देता येत नाही. फडावर गेलेल्या पोरांच्या शाळेचंही तेच. उचल फिटते, बुडालेली इयत्ता भरून निघेलच असं नाही.

१९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोंसेराते याने लॉर्नाला परत माइकसमोर आणलं. अल्बमचं नाव 'हॅलो लॉर्ना'. ती तेव्हा पन्नाशीला आलेली. गोव्याने तिला डोक्यावर घेतलं. पेरी २००२ मध्ये गेला. दोघांच्या गोष्टीवर बेतलेला 'नाचूंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा पुढे राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला, त्यात पात्रांची नावं बदललेली आहेत.

या वीकेंडला 'बेबदो' ऐका. कोकणी येत नसली तरी अडत नाही. मग १९९५ ची लॉर्ना ऐका. आवाज जड झालाय, तरी गाते मात्र तशीच, कुणाचं देणं नसल्यासारखी.