गाभा बदलला तेव्हा

वर्ध्याच्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटाखाली एक जुना संगणक अहोरात्र चालू असतो. घरातल्या सगळ्यांचे कागद, छायाचित्रे तोच सांभाळतो. परंतु आम्हांस त्याचे मोल आहे ते आर्वीकडच्या आमच्या आत्याबाईंनी गायिलेल्या जात्यावरच्या ओव्यांमुळे. मूळ ध्वनिफिती बुरशीने गेल्या. आत्याबाईही गेल्या.

गेल्या पावसाळ्यात आम्ही या यंत्रावरील लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, अद्ययावत केला. यंत्र सुरळीत सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ओव्यांचा कप्पा रिकामा. राखीव प्रतीची डिस्क उघडली, तीही रिकामी!

आम्हांस डिसेंबर 2023 आठवला. लिनक्सच्या 6.1.64 या आवृत्तीत, एक्स्ट-4 पद्धतीने साठविलेली विदा बिघडवू शकणारा दोष आढळला आणि डेबियनने 12.3 हे प्रकाशन रोखून 10 तारखेला थेट 12.4 दिले. त्या दोषाचे मूळ साहित्याच्या अभ्यासकास ओळखीचे वाटावे. नव्या शाखेतील एक दुरुस्ती जुन्या शाखेत उतरवून घेतली; ती ज्या आधीच्या बदलावर विसंबून होती, तो मात्र मागेच राहिला. एका पोथीतील शुद्ध ओळ दुसरीत घालावी, आणि तिच्यातील ‘तो’ म्हणजे कोण हे सांगणारी ओळच तिथे नसावी, तसे हे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यासमोर निदान पोथ्या तरी होत्या. असो.

आमची गोष्ट याहून साधी आणि अधिक लाजिरवाणी निघाली. नव्या गाभ्याने डिस्क वेगळ्या क्रमाने ओळखल्या होत्या. ओव्यांची डिस्क जोडण्याची सूचना आम्हीच, वर्षांपूर्वी, तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाऐवजी या क्रमावर भरवसा ठेवून लिहिली होती. डिस्क जोडलीच गेली नाही; तिच्या जागी उरला मोकळा कप्पा. रात्री नक्कल करणाऱ्या आज्ञेने त्या मोकळेपणाचीच इमानेइतबारे प्रत केली, म्हणजे राखीव डिस्कवरचे सारे पुसून टाकले. आज्ञेचे काय चुकले? मूळ प्रतीत जे दिसले, तेच तिने उतरविले.

ओळखक्रमांक लिहून डिस्क जोडली. आधी आत्याबाईंचा खोकला ऐकू आला, मग जात्याची घरघर, मग ओवी. ती ऐकतच आम्ही दोन नव्या प्रती करावयास घेतल्या. त्यांतली एक हिंगणघाटला भाच्याकडे राहील. कप्पा रिकामा दिसला तर नक्कल आता सुरूच होत नाही.