फटाका चालतो, संत्रे चालत नाही

नागपुरात दम्याच्या मुलाचे घर ओळखायची एक सोपी खूण आहे. आश्विन सरत आला की काटोल-नरखेडकडची आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरू लागतात, कोपऱ्याकोपऱ्यावर हातगाड्या उभ्या राहतात, आणि घरोघर सालींचा तो कडवट-गोड वास दरवळतो. अशा दिवसांत एखाद्या घरातले मूल टोपलीकडे नुसते पाहत बसलेले दिसले, की समजावे, याला दमा आहे. ‘त्याला नको हो, त्याला कफ होतो,’ असे त्याची आई, आजी, आत्या, आणि आईच्या माहेरून आलेले पाहुणेसुद्धा एका सुरात सांगतात.

माझ्या आठ वर्षांच्या नातवालाही ही बंदी होती. गंमत अशी, की ज्या मंडळींनी त्याच्या हातातली फोड काढून घेतली, त्यांनीच दिवाळीला त्याच्या हाती फुलबाज्यांचा पुडा दिला. ‘वर्षाचा सण आहे, पोराचं मन कशाला मोडायचं?’ दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोराला धाप लागली. खोकला, मग छातीत शिट्टी, मग बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. ‘आजी, पाणी’ हे दोन शब्द त्याला एका श्वासात म्हणता येईनात. पहाटेपर्यंत आम्ही दवाखान्यात वाफाऱ्याच्या यंत्रापाशी बसून होतो. सकाळी आमच्या वन्सं म्हणाल्या, ‘संत्रं खाल्लं असेल चोरून.’

डॉक्टरांनी ते ऐकले आणि विचारले, ‘संत्र्याचं राहू द्या. काल रात्री अंगणात किती वेळ होता?’

त्या दिवसापासून या विषयाचे मला वेडच लागले. डॉक्टरांना प्रश्न विचारले, मिळेल ते वाचले. समजले ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते.

सफरचंद चिरून ठेवले की काळे पडते, आणि लिंबू पिळले की पडत नाही, हे आपण सगळ्याजणी जाणतो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याचाच हा प्रताप. शरीरातही प्राणवायूपासून काही फार उतावळे, तापट कण तयार होतात. चुलीतून उडालेल्या ठिणगीसारखे ते जिथे पडतील तिथे जाळतात. ठिणग्या थोड्या असतील तर शरीर त्या विझवते; उडणाऱ्या जास्त आणि विझवणारे कमी, असे झाले की जो बिघाड होतो त्याला शास्त्रज्ञ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण, म्हणतात. हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली ही कल्पना नीट मांडली. ठिणगी विझवणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचा शोध त्याआधीच, १९६९ साली, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी लावला होता.

आता दम्याच्या मुलाची श्वासनलिका पाहा. ती आधीच सुजलेली. रक्ताच्या रिपोर्टात ‘इओसिनोफिल वाढलेत’ असे वाचून आपण घाबरतो. त्या इओसिनोफिल पेशी तिथे गोळा होऊन स्वतःच ठिणग्या सोडत असतात. विझवणारे ते एन्झाइम दम्याच्या श्वासनलिकेत मंदावलेले आढळते. त्यात बाहेरून धूर आला, की धुरातले बारीक कण आणि त्यांच्यावर बसलेले लोखंड, तांबे यांचे अंश आणखी ठिणग्या पाडतात. आतले अस्तर दुखावते, चिकट कफ वाढतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. मुलाची नळी मुळातच अरुंद, आणि वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. त्यातून पळत असेल तर विचारूच नका. आपल्याला नुसता ठसका लागतो, त्याचा श्वास अडतो.

नागपूरची दिवाळीची रात्र गार आणि बहुधा निवांत. गार हवा जमिनीलगत बसून राहते, आणि तिच्यात धूर कोंडतो. फटाक्यांतला गंधक, सोरा, कोळसा आणि रंगांसाठीची धातूंची मिठे यांची ती खिचडी पहाटेपर्यंत हलत नाही. आमचे यजमान म्हणाले, ‘मग हरित फटाके आणू.’ ही विद्या आमच्या नागपुरातलीच! येथली ‘नीरी’, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषणाच्याच फटाक्यांना मुभा दिल्यावर तिच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली सूत्रे २०१९ मध्ये बाजारात आली. एकाचे नाव तर चक्क ‘श्वास’. तो फुटताना पाण्याची वाफ सोडून धूळ दाबतो. नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला माझा नमस्कार. पण धूर कमी होतो तो सुमारे तीस टक्के. शंभरातले तीस गेले तर सत्तर उरतात, हा हिशेब माझा नातूही करतो. आणि फटाके घराबाहेर ठेवून आत डासांची कॉइल पेटवणाऱ्यांना काय म्हणावे?

राहिले संत्रे. त्यात क जीवनसत्त्व भरपूर, आणि फुप्फुसाच्या अस्तरावरच्या ओलाव्यात ठिणग्या विझवणाऱ्यांत हे जीवनसत्त्व असतेच. इटलीत सहा-सात वर्षांच्या अठरा हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. हिवाळ्यात संत्र्यासारखी आंबट फळे आणि किवी आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्या मुलांतही, क्वचित खाणाऱ्यांपेक्षा छातीची घरघर कमी आढळली. २००२ साली मेक्सिको शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे दम्याच्या १५८ मुलांपैकी काहींना रोज क आणि ई जीवनसत्त्वे दिली होती. ज्यांचा दमा मध्यम किंवा तीव्र होता, त्यांची फुप्फुसे दूषित हवेच्या दिवशी जरा बरी टिकली.

हे ऐकून वन्सं दुसऱ्या टोकाला गेल्या. ‘मग पंप बंद करून गोळ्याच देऊ या का सी व्हिटॅमिनच्या?’ मुळीच नाही. पाहणीत फळ आणि घरघर यांचा संबंध दिसला. फळानेच घरघर थांबली हे त्यातून सिद्ध होत नाही. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा क जीवनसत्त्वाच्या गोळीने दमा आटोक्यात येतो असा ठाम पुरावा मिळाला नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप. त्याचे औषध थेट नळीत जाते, म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते. ‘सवय लागते’ म्हणून, किंवा चार दिवस बरे वाटले म्हणून, दिवाळीच्या तोंडावर तो बंद करणारी घरे मी पाहिली आहेत.

बंदीमागे निव्वळ अंधश्रद्धा होती, असेही नाही. आमच्याकडे संत्र्याचे स्क्वॅश बाटल्यांत भरताना ते टिकावे म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड घालण्याची रीत आहे. त्यातून निघणारा गंधकाचा वायू काही दमेकऱ्यांची छाती आवळतो. पोर स्क्वॅश पिऊन खोकले आणि शिक्षा झाली फळाला, असे कितीतरी घरांत झाले असेल. ज्याला फळाचाच त्रास होतो, असे मूलही एखादे असते. त्याला डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

गेल्या वर्षी आमच्याकडे फटाके आले नाहीत. सकाळ-संध्याकाळचा पंप चुकला नाही, धापेचा निळा पंप आणि त्याचे नळकांडे देवघराच्या कोनाड्यात हाताशी ठेवले, आणि अंधार पडताच रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या. नातू तासभर रुसला. मग त्याने आपण होऊन शोध लावला, की संत्र्याची साल पणतीच्या ज्योतीजवळ पिळली की तडतड करून इवल्या ठिणग्या उडतात. पाच संत्री संपली. वन्संनी सहावे सोलून त्याच्या पुढे ठेवले आणि म्हणाल्या, ‘साल मला दे, मी पिळून बघते.’